पोटाबाहेरचे पचन

बुरशीला तोंड नाही, पोट नाही, आतडी नाहीत. ती अन्न आधी पचवते आणि मग खाते. वाळलेली काडी असो, मेलेला किडा असो किंवा जमिनीत गाडला गेलेला पाला, तिचा तंतू तिथे टेकला की त्याच्या टोकातून पाचक प्रथिने बाहेर पाझरतात, समोरचा पदार्थ विरघळवतात, आणि विरघळून जे सुटते ते तंतू शोषून घेतो. ही पाचक प्रथिने म्हणजे एन्झाइम. पाठ्यपुस्तकांत त्यांना विकरे म्हणतात. माणसाच्या जठरात आणि आतड्यांत असलीच विकरे असतात, पण ती आत कोंडलेली. बुरशीचा सगळा स्वयंपाक उघड्यावर, त्यामुळे पंगतीला आगंतुकही बसतात. शेजारी एखाद्या पिकाचे मूळ असेल तर सुटलेल्या स्फुरदातला, नत्रातला काही भाग त्याच्याही वाट्याला येतो.

या पुस्तकाचा विषय एवढ्याशा गोष्टीतून निघतो. बुरशी हे काम पिकासाठी करत नाही, स्वतःच्या भुकेसाठी करते. ही बाब साधी आहे, पण बाजारात ‘बुरशीजन्य एन्झाइमयुक्त’ असे लिहिलेल्या बाटल्या पाहिल्या की तीच नेमकी विसरली जाते. एन्झाइम खतासारखे मोजून टाकायचे आणि पिकाने ते उचलायचे, असा काहीसा समज त्या लेबलांतून तयार होतो. पीक एन्झाइम उचलत नाही. एन्झाइम कुठेतरी काहीतरी तोडते, आणि जे तुटते ते पिकाच्या उपयोगी पडले तर पडले. ते कुठे तोडते, काय तोडते, तेव्हा आजूबाजूला कोण असते, यावर पुढचे सगळे ठरते.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला बुरशी भेटली ती वैरी म्हणून. द्राक्षावरची भुरी, तुरी-हरभऱ्याची मर, सोयाबीनवरचा तांबेरा, ही तिची ओळख. कृषी सेवा केंद्रात फडताळेच्या फडताळे बुरशीनाशकांनी भरलेली असतात. त्यातच एका कोपऱ्यात ट्रायकोडर्माची पुडी ठेवलेली असते, आणि तिच्यात जिवंत बुरशीच असते. पुष्कळ जण ती पुडी आणि कार्बेन्डाझिम एकाच टाकीत मिसळून आळवणी करतात. ट्रायकोडर्माला कार्बेन्डाझिम सोसत नाही. म्हणजे एका हाताने सोडायचे आणि दुसऱ्या हाताने मारायचे. दोन्ही चांगली औषधे, एकत्र दिली तर दुप्पट गुण, हा हिशेब इथे चालत नाही.

आता थोडे मागे जाऊ. १८३३ मध्ये मोड आलेल्या जवातून पिष्टाची साखर करणारे द्रव्य वेगळे काढले गेले होते. पण साखरेचे मद्य होणे ही गोष्ट मात्र जिवंत पेशीशिवाय होऊच शकत नाही, असे लुई पाश्चरचे मत होते आणि त्याच्या मताला वजन होते. १८९७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुखनर याने यीस्ट, म्हणजे एक एकपेशीय बुरशीच, वाळू आणि डायटमच्या मातीबरोबर खलात घोटली, तो लगदा कापडात गुंडाळून दाबयंत्राखाली पिळला आणि रस काढला. रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली. टिकण्याऐवजी त्याला फेस आला. रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखरेचे मद्य होत होते. बुखनरला १९०७ चे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. बुखनरच्या प्रयोगाच्या तीन वर्षे आधी, १८९४ मध्ये, अमेरिकेत राहणाऱ्या जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने गव्हाच्या कोंड्यावर अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवून तिच्यातले एन्झाइम काढण्याचे पेटंट घेतले होते. त्याचे ‘टाका-डायस्टेज’ पचनाचे औषध म्हणून खपले. कोंड्यावर किंवा ज्वारीच्या दाण्यांवर बुरशी वाढवण्याची पद्धत आपल्याकडच्या ट्रायकोडर्मा करणाऱ्यांची आजही चालू आहे.

पण शेतीच्या दृष्टीने मोठी कथा युद्धातली आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकी फौजेचे सुती तंबू, पट्टे, कपडे कुजत चालले. शत्रूपेक्षा दमट हवा भारी पडत होती. लष्कराने कुजलेले नमुने गोळा केले; त्यात सॉलोमन द्वीपसमूहातल्या बोगनव्हिल बेटावरच्या एका तंबूच्या कापडातून १९४४ मध्ये एक हिरवट बुरशी मिळाली. तिला क्रमांक दिला क्यूएम ६ए. एल्विन रीस आणि पुढे मेरी मँडेल्स यांनी अनेक वर्षे तिचा पिच्छा पुरवला. आधी उद्देश होता कापड वाचवण्याचा. मग लक्षात आले की कापूस इतक्या झपाट्याने साखर करून खाणारी बुरशी मारण्यापेक्षा कामाला लावणे फायद्याचे. १९७७ मध्ये तिचे नाव रीसच्या सन्मानार्थ ट्रायकोडर्मा रीसी असे ठेवले गेले. जीन्सचे कापड मऊ करण्यापासून ते कडब्याचे इथेनॉल करण्यापर्यंत आज जगभर जी सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारी एन्झाइमे, वापरली जातात, त्यातल्या बऱ्याच भागाचे मूळ त्या एका तंबूत आहे. २००८ मध्ये तिचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा सगळे चकित झाले: एवढी खादाड बुरशी, पण तिच्याजवळ सेल्युलोज तोडणाऱ्या जनुकांची संख्या इतर बुरश्यांच्या मानाने थोडीच निघाली. मोजकीच हत्यारे, पण ती भरमसाट प्रमाणात तयार करायची, हा तिचा खाक्या.

तंबूपासून पाचटापर्यंतचे अंतर फार नाही. सुती कापड आणि उसाचे पाचट, दोन्हींचा कणा सेल्युलोज. ऊस तुटून गेला की हेक्टरी ८ ते १० टन पाचट रानात पसरलेले राहते. त्याला काडी लावली की दुपारपर्यंत रान मोकळे, खोडव्याला पाणी द्यायला सोयीचे. म्हणून लोक जाळतात. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण पाचट आडवे आले की सरीतून पाणी पुढे सरकत नाही ही अडचण खरी आहे. न जाळता कुजवायचे तर जी शिफारस वर्षानुवर्षे दिली जाते ती अशी: एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे संवर्धक. त्या संवर्धकात ट्रायकोडर्मासारख्या बुरश्या असतात.

कुजते म्हणजे नेमके काय होते? सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची सरळ माळ. अशा माळा एकमेकींना चिकटून घट्ट दोर झालेले. बुरशीचे एक एन्झाइम माळेला अधेमधे कुठेही तोडते. त्यामुळे सुटी टोके तयार होतात. दुसरे एन्झाइम ते टोक आपल्या अंगातल्या बोगद्यात ओढून घेते आणि पुढे सरकत सरकत दोन-दोन मण्यांचे तुकडे पाडत जाते. तिसरे त्या जोडमण्यांचे सुटे ग्लुकोज करते. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी अतिवेगवान सूक्ष्मदर्शकाखाली ट्रायकोडर्मा रीसीचे दुसरे एन्झाइम सेल्युलोजच्या धाग्यावरून सरकताना प्रत्यक्ष टिपले. पुढच्या रेणूला अडथळा लागला की मागचे सगळे थांबतात, चक्क वाहतूक कोंडी होते, आणि पहिला हलला की सगळी रांग पुढे जाते. एन्झाइमची मात्रा दुप्पट केली म्हणून काम दुप्पट का होत नाही, याचे उत्तर त्या चित्रणात डोळ्यांना दिसते. बाटलीवरचे ‘दुप्पट शक्ती’ वाचताना ते आठवावे.

युरिया कशाला, असा प्रश्न शेतकरी हमखास विचारतात. पाचट कर्बाने गच्च भरलेले आणि नत्राला महाग. दोघांचे गुणोत्तर शंभरास एकच्या आसपास. बुरशीला स्वतःचे अंग बांधायला आणि एन्झाइम तयार करायला नत्र लागते, कारण एन्झाइम हे प्रथिनच. पाचटात ते मिळाले नाही तर ती जमिनीतले उचलते आणि खोडवा पिवळा पडतो. पंगतीत पिकालाही पान मिळते असे वर म्हटले. सुरुवातीला ते पान उलटे फिरते. पुढे बुरशी मरते, तिला दुसरे जीव खातात, आणि अडकलेले नत्र हळूहळू मोकळे होते. तोवर ओल टिकली पाहिजे, कारण एन्झाइम पाण्यातच चालते. कोरड्या पाचटावर संवर्धक फेकून पहिल्या पाण्यासाठी थांबणारे पुष्कळ आहेत. त्यांचे संवर्धक उन्हात मरते आणि दोष ट्रायकोडर्माला जातो.

स्फुरदाचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला तोच कळीचा आहे. जमिनीत स्फुरद असतो, पण कुलूपबंद. त्याचा एक मोठा हिस्सा सेंद्रिय स्वरूपात असतो आणि त्या हिश्शात फायटेट नावाच्या संयुगाचा वाटा मोठा. धान्याच्या दाण्यात, कोंड्यात, पेंडीत वनस्पती आपला स्फुरद याच रूपात साठवते: एका कड्यावर सहा फॉस्फेट टांगलेले. मुळाला हे संयुग जवळपास निरुपयोगी, कारण ते फोडणारे फायटेज एन्झाइम मुळे फारच थोडे सोडतात. अ‍ॅस्परजिलससारख्या बुरश्या मात्र ते भरपूर सोडतात. मग बुरशीचे फायटेज जमिनीत घातले तर?

कोंबडीच्या बाबतीत हे जमले. कोंबडी आणि डुक्कर यांना फायटेट पचत नाही, त्यामुळे मक्या-सोयाबीनच्या खाद्यातला स्फुरद विष्ठेतून वाया जातो. नेदरलँड्समध्ये या विष्ठेने पाणी खराब होऊ लागले, तेव्हा १९९१ मध्ये अ‍ॅस्परजिलस नायजरचे फायटेज पशुखाद्यात मिसळायला बाजारात आले, आणि आज कुक्कुटखाद्यात ते मिसळणे ही नेहमीची बाब झाली आहे. कोंबडीचे पोट आम्लधर्मी, ऊबदार आणि बंदिस्त. त्या बुरशीच्या फायटेजला हेच मानवते. त्याचे काम सामू साडेपाचच्या आसपास आणि दुसऱ्यांदा अडीचच्या आसपास जोरात चालते. फायटेजचे एकक मोजतात तेही साडेपाच सामू आणि ३७ अंश सेल्सिअसला.

आता दख्खनची काळी माती घ्या. सामू आठच्या घरात, चुनखडी भरपूर, आणि चिकणमातीचा अंश इतका की उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत बाटलीतले फायटेज ओतले तर तीन गोष्टी होतात. सामू त्याला मानवत नाही. चिकणमातीचे कण त्याला धरून ठेवतात, कारण प्रथिने अशा कणांना चिकटतातच. उरलेसुरले जिवाणूंच्या प्रथिनभक्षक एन्झाइमांच्या तोंडी पडते. शेवटी तेही त्यांच्या लेखी खाद्यच. शिवाय ज्याला फोडायचे ते फायटेटही त्याच मातीला चिकटून बसलेले. कुलूप आणि किल्ली दोन्ही जागच्या जागी अडकलेली.

ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या सीएसआयआरओमध्ये अ‍ॅलन रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी यावर एक सुरेख प्रयोग केला. अ‍ॅस्परजिलसचे फायटेज जनुक त्यांनी अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपात असे बसवले की मूळच ते एन्झाइम बाहेर सोडेल. आगारवर, केवळ फायटेटवर वाढवलेली ही रोपे साधा फॉस्फेट दिलेल्या रोपांच्या तोडीस तोड वाढली. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि मोठी आशा वाटली. नंतर त्याच गटाने तेच जनुक एका क्लोव्हरमध्ये घालून खऱ्या मातीत पाहिले, तेव्हा फायदा तुटपुंजा निघाला. प्रयोगशाळेतल्या बशीतून मातीत उतरताना काय हरवते, याचा इतका प्रामाणिक पुरावा दुसरा शोधून सापडणार नाही. कृषी विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलांना मी पहिला प्रयोग सांगतो तेव्हा दुसरा सांगितल्याशिवाय राहत नाही; पाठ्यपुस्तके मात्र पहिल्यावरच थांबतात.

मग बुरशीला स्वतःला हे कसे जमते? जोधपूरच्या काझरीत, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत, जे. सी. तरफदार यांच्या गटाने वाळवंटी जमिनींतून फॉस्फेटेज आणि फायटेज सोडणाऱ्या बुरश्या निवडल्या. किटोमियम ग्लोबोसमसारखी बुरशी बाजरी-गव्हाच्या बियाण्याला लावून पेरली, तेव्हा पिकाने उचललेला स्फुरद वाढला. त्या जमिनीही अल्कधर्मीच. फरक असा की जिवंत बुरशी नुसते एन्झाइम सोडत नाही, ती त्याच जागी सेंद्रिय आम्लेही सोडते. अ‍ॅस्परजिलस नायजर तर सायट्रिक आम्लाचा कारखानाच आहे. १९१७ मध्ये जेम्स करी याने ते दाखवले, आणि बाजारातले ‘लिंबाचे सत’ तेव्हापासून लिंबातून येईनासे झाले. तंतूच्या भोवती केसभर रुंदीच्या पट्ट्यात आम्लता बुरशीच्या मर्जीची असते, बाकी वावराचा सामू काही का असेना. आम्ल मातीला चिकटलेले फायटेट सैल करते, एन्झाइम त्याला फोडते, आणि एन्झाइम निकामी झाले की नवे येतच असते. बाटलीत यातला एकच तुकडा असतो.

एवढ्यावरून एन्झाइमची बाटली कुचकामी असा निष्कर्ष वाचकाने काढू नये, कारण पुढचा भाग अगदी उलट दिशेचा आहे. एन्झाइम मातीत काही तोडते म्हणूनच उपयोगी, असे आतापर्यंत आपण धरून चाललो. काही एन्झाइमांचे काम मातीत नाहीच. ती थेट पिकाशी बोलतात.

तंबाखूच्या पानातून सुट्या, भिंत नसलेल्या पेशी काढण्यासाठी प्रयोगशाळांत ट्रायकोडर्मा विरिडीचे सेल्युलेज वापरत. (या तंत्राची सुरुवात १९६० मध्ये इंग्लंडात एडवर्ड कॉकिंगने केली होती, त्याने टोमॅटोच्या मुळांवर मायरोथेशियम व्हेरुकेरिया या बुरशीचे एन्झाइम वापरले होते.) हे करताना लक्षात आले की एन्झाइम लावलेली पाने एकाएकी इथिलीन वायू सोडू लागतात. इथिलीन म्हणजे जखम, ताण, पिकणे यांचे वनस्पतीतले संप्रेरक. भिंत तुटली, म्हणून पान घाबरले असणार, असे वाटणे स्वाभाविक होते. १९८० च्या दशकात शोध घेता घेता सेल्युलेजच्या त्या मिश्रणातले एकच प्रथिन जबाबदार निघाले, आणि ते होते झायलानेज. मग त्या प्रथिनात असा बदल केला की त्याची तोडण्याची शक्ती नाहीशी व्हावी. तरीही पान इथिलीन सोडत राहिले! पान झायलानेजच्या कामाला उत्तर देत नव्हते, त्याच्या आकाराला देत होते. टोमॅटोच्या पेशीवर त्या आकाराला ओळखणारे ग्राहक प्रथिन २००४ मध्ये सापडले. बुरशी आली याची खूण वनस्पतीने तिच्या हत्यारावरूनच पाठ करून ठेवलेली, आणि हत्यार बोथट असले तरी ती ओळखते.

हा शोध व्यवहारात महत्त्वाचा आहे. इथे एन्झाइमची ताकद किती युनिट, हा प्रश्न गौण ठरतो. अतिशय कमी मात्रेत ओळख पटली की पिकाची प्रतिकारयंत्रणा जागी होते. कायटिनचेही तसेच. किड्यांच्या कवचात आणि बुरशीच्या भिंतीत असणारे कायटिन कायटिनेजने तोडले की जे छोटे तुकडे सुटतात, ते ओळखणारी प्रथिने भातात २००६ मध्ये आणि अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये २००७ मध्ये सापडली. पण जागी झालेली यंत्रणा फुकट चालत नाही. रोग नसताना पीक सतत सावध ठेवले तर वाढीची शक्ती तिकडे वळते. ‘वाढ आणि प्रतिकार दोन्ही एकाच फवारणीत’ हे वाक्य मला म्हणून नेहमी संशयास्पद वाटते. काही पिकांत, काही अवस्थांत ते खरेही असेल, सरसकट नाही.

कायटिनेज म्हटले की रिचर्ड वाइंडलिंगचे नाव घेतले पाहिजे. कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय रोपांची कोवळी मर अभ्यासताना १९३२ मध्ये त्याने ट्रायकोडर्माचे तंतू रायझोक्टोनियाच्या तंतूंना विळखे घालून खाताना पाहिले. विळखा, मग भिंतीत छिद्र, मग आतला रस. आणि छिद्र पाडणारी हत्यारे म्हणजे कायटिनेज आणि ग्लुकनेज. १९९८ मध्ये माटेओ लोरिटो आणि सहकाऱ्यांनी ट्रायकोडर्मा हार्झियानमचे कायटिनेज जनुक तंबाखू आणि बटाट्यात घालून त्या झाडांना अनेक बुरशी रोगांपासून चांगले संरक्षण मिळते हे दाखवले.

पण सांगली-नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. केवडा, ज्याला सगळे डाऊनी म्हणतात, तो खऱ्या अर्थाने बुरशी नाही. त्याचे नाते शेवाळाकडचे आहे, आणि त्याच्या भिंतीत प्रामुख्याने ग्लुकन आणि सेल्युलोज असते, कायटिनचा मागमूस फारच थोडा. हळदी-आल्याचे कंद कुजवणारा पिथियमही त्याच कुळातला. नुसते कायटिनेज त्यांचे काही बिघडवणार नाही. भुरीचे घर मात्र कायटिनचे. जिवंत ट्रायकोडर्माजवळ दोन्ही प्रकारची हत्यारे असतात, म्हणून तो कंदकुजीवरही चालतो. एकाच एन्झाइमच्या बाटलीला ती मुभा नाही.

आणखी एक एन्झाइम असे आहे जे बुरशी बाहेर सोडतच नाही. रोपाला ताण पडला की मुळात एसीसी नावाचे द्रव्य साठते. त्यातून इथिलीन तयार होते आणि मुळाची लांबी खुंटते. ट्रायकोडर्मा अ‍ॅस्पेरेलमच्या एका वाणात एसीसी फोडणारे एन्झाइम तंतूच्या आत असते. मुळातून पाझरलेले एसीसी बुरशी नत्र म्हणून खाते, मुळातले इथिलीन घटते आणि मूळ लांबते. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये त्या बुरशीतले ते जनुक मुके केले, तर कॅनोलाच्या मुळांना मिळणारा फायदाही घटला. पीक वाढले हे दिसणे वेगळे आणि अमुक एन्झाइममुळे वाढले हे दाखवणे वेगळे. जनुक बंद करून फरक पाहणे ही त्यातली पक्की कसोटी, आणि या विषयावरचे लेख वाचताना ती कुठे लावली आहे ते मी आधी शोधतो.

गंमत म्हणजे पिकाची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जवळची सोबतीण असलेली बुरशी या बाबतीत जवळजवळ निःशस्त्र आहे. मुळांच्या पेशींत शिरून राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीचा, रायझोफॅगस इर्रेग्युलॅरिसचा जनुकसंच २०१३ मध्ये वाचला गेला. वनस्पतीची भिंत तोडणारी एन्झाइमे तिच्याजवळ जवळपास उरलेलीच नाहीत. ज्या घरात कायमचे राहायचे त्याच्या भिंती पाडणारी अवजारे तिने टाकून दिली, आणि पिकाकडून मिळणाऱ्या साखरेवर व मेदावर ती जगते. म्हणजे बुरशी जितकी जास्त एन्झाइम सोडते तितकी पिकाला चांगली, हे सूत्रही खोटे.

द्राक्षवाल्यांचा विषय निघालाच आहे तर एक विषयांतर. मण्यांची फुगवण आणि घडांची लांबी यासाठी ज्या ‘जीए’मध्ये घड बुडवतात, ते जिबरेलिक आम्लही बुरशीचेच देणे. १९२६ मध्ये तैवानमध्ये एइची कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवले की भाताची रोपे वेड्यासारखी उंच वाढवून पाडणारा रोग, जपानी शेतकरी ज्याला बाकानाए म्हणत, तो एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे होतो. ते द्रव्य एन्झाइम नव्हे, संजीवक. पण हा फरक दुकानात उपयोगी पडतो: ‘एन्झाइम’ फवारल्यावर चार दिवसांत पेरी लांबलेली दिसली, तर ते एन्झाइमचे काम असण्यापेक्षा संजीवकाचे असण्याची शक्यता जास्त. एन्झाइमची फळे इतक्या लवकर आणि इतक्या ठसठशीत दिसत नाहीत.

कायद्याचेही एक अंग आहे. जिवंत ट्रायकोडर्मा रोगनाशक म्हणून विकायचा तर तो १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतो, आणि त्यात ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत बीजाणू-घटक असावे लागतात. बुरशीपासून काढलेली, पण बुरशी नसलेली उत्पादने मात्र २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांच्या यादीत पेशीविरहित सूक्ष्मजीवजन्य उत्पादने म्हणून आली. त्याआधी हा सगळा बाजार कुणाच्याच दावणीला नव्हता. आता नोंदणी आली, पण लेबलवर एन्झाइमचे नाव, त्याची युनिटे आणि ती कोणत्या सामूला मोजली हे तिन्ही एकत्र लिहिलेले पाहायला मिळणे अजून दुर्मीळच. विचारा. दुकानदाराला ठाऊक नसेल तर कंपनीच्या माणसाला विचारा.

प्रकरणांचा क्रम मी पिकांप्रमाणे न लावता जे तोडायचे त्याप्रमाणे लावला आहे: आधी सेल्युलोज, मग फायटेट, मग कायटिन आणि शेवटी मुळाशी होणारी बोलणी. उसवाल्यांना पहिले प्रकरण पुरे. काळ्या रानातल्यांनी दुसरे वगळू नये, जरी त्यात आशेपेक्षा अडचणींची पाने जास्त असली तरी. गणित आणि रेणूंच्या आकृत्या शेवटी टाकल्या आहेत. ज्यांना त्या नकोत त्यांचे काही अडणार नाही.

आणि ज्यांच्या घरात एखादी बाटली आधीच येऊन पडली आहे, त्यांनी पुस्तक संपेपर्यंत थांबायचे कारण नाही. सांगितलेल्या मात्रेएवढे द्रावण दोन भांड्यांत घ्या. एक भांडे अर्धा तास खळखळून उकळा आणि थंड करा. आटले असेल तेवढे पाणी पुन्हा घाला. बहुतेक एन्झाइमे उकळीत मरतात, थोडी चिवट निघतात. शेजारशेजारच्या चार सऱ्यांना उकळलेले, चार सऱ्यांना न उकळलेले आणि चार सऱ्यांना नुसते पाणी द्या, आणि कोणत्या सरीला काय दिले ते खुंटीवर लिहून ठेवा. उकळलेल्या आणि न उकळलेल्या सऱ्या सारख्याच वाढल्या, तर त्या बाटलीत काही असेलही, पण पैसे तुम्ही एन्झाइमचे मोजलेले नाहीत.